थोरलं, मधलं, धाकटं

आमच्या बेला गावच्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला की मी वहीत नवीन पान काढते. बाभळीला कापूस लागत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि मागे आडवं पोतं बांधलेल्या मोटरसायकली या झाडांखालून जातात, तेव्हा काटे प्रत्येकाकडून चिमूटभर कापूस काढून घेतात. दिवाळी झाली की आठवडाभरात खालच्या फांद्या पांढऱ्या होतात. वारा आला की पुंजके हलतात, पण सुटत नाहीत.

नव्या पानावर वेचणीच्या दिवसांची यादी असते. शाळेत कोण गैरहजर आणि ती कोणाच्या शेतात, गोधड्यांना ऊन, बाबांच्या गोळ्या, प्रथमोपचाराच्या पेटीत स्पिरिट आणि पट्टी. यादी केल्याशिवाय मला सुचत नाही. आई म्हणायची, ही पोरगी पाळण्यात होती तवाच वरची घुंगरं मोजून राह्यली होती. यंदाच्या यादीत शेवटी लिहिलं, ‘चाकूला तेल’. आणि लिहिता लिहिता थांबले, कारण चार वर्षांपूर्वीच्या यादीतही एक ओळ चाकूची होती. ती ओळ मी मोठ्या समाधानाने खोडली होती.

चाकू बाबांचा. घडीचा, तीन पात्यांचा. मूठ म्हशीच्या शिंगाची, दोन्ही टोकांना पितळ. मिटलेला असला की तळहातात मावतो आणि नदीतल्या गोट्यासारखा गार लागतो. प्रत्येक पात्याच्या पाठीशी नख अडकवायला बारीकशी खाच आहे. बाबांनी तो माझ्या जन्माआधी आठवडी बाजारात घेतला. तेव्हा ते एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते. सालगड्याजवळ स्वतःचं म्हणावं असं काही नसायचं. बैल मालकाचे, विळा मालकाचा, दोरसुद्धा मालकाचा. चाकू तेवढा बाबांचा.

तिन्ही पात्यांना त्यांनी भावंडांसारखी नावं दिली होती. थोरलं दोराचं: कासरा, सुतळी, पोत्याची शिवण. मधलं खायचं: कांदा, काकडी, पेरू. धाकटं काट्याचं. घाईत मधल्याने कोणी सुतळी कापली तर बाबा ते पातं राखेने घासत, धूत, उन्हात उघडं ठेवत आणि त्या दिवशी कांदा बुक्कीने फोडून खात. “थोरल्याचं काम धाकट्याले सांगू नये,” ते म्हणत, “अन् धाकट्याचं काम थोरल्याले जमत नाही.” पायात काटा असल्याशिवाय धाकटं उघडायचंच नाही, हा आणखी एक नियम.

लहानपणी मला हे सगळं म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटायचं. बाबा तेव्हा चाळिशीचे होते. आज माझ्या स्वयंपाकघरात भांड्यांचं फडकं वेगळं, ओट्याचं वेगळं, आणि कोणी अदलाबदल केली तर मी दिवसभर धुसफुसते. ज्यासाठी मला तीन वह्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर लागतं, ते हा माणूस सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरत होता.

वेचणीच्या दिवसांत गावातले निम्मे पाय बाबांच्या मांडीवर येऊन जात. कापूस वेचणाऱ्या बाया पहाटेच्या दवात निघतात, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीच्या काट्यांचं कुंपण असतं, आणि पायात झिजलेली स्लीपर नाहीतर तीही नाही. संध्याकाळी शेतातून परतताना एकेक जण आमच्या ओट्याशी लंगडत थांबायची. बाबा पाय धुवायला लावत, मांडीवर घेत, अंगठ्याने चहूबाजूंनी दाबत. “इथी?” “नाई मामा, अंगं!” “मंग इथी.” मग धाकट्याचं टोक काडीच्या जाळावर धरत आणि काहीतरी विचारत. प्रश्न असा निवडत, की उत्तर लांबलचक असावं. बाई उत्तरात रंगली की कातडी उचकटायची, आणि उत्तर संपायच्या आत काटा बाबांच्या तळहातावर असायचा. फार खोल रुतलेला असला तर रुईचा चीक लावून दुसऱ्या दिवशी बोलवायचे. रक्त कधी निघालं नाही. निदान माझ्या आठवणीत नाही.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले आणि त्यांच्यामागे हे पायही आले. मला ते आवडायचं नाही. एक तर स्वच्छतेचा प्रश्न. दुसरं, ज्या घरांत बाबांना एकेकाळी ओंजळीत वरून पाणी ओतून मिळायचं, त्या घरांतले पायसुद्धा येत. मी शिकले, शाळेत शिक्षिका झाले, स्वतःचं पक्कं घर बांधलं, ते काय बाबांनी लोकांचे पाय मांडीवर घ्यावेत म्हणून? एकदा मी तसं बोलले.

“पाय कुठी घेतो व मी?” बाबा म्हणाले. “काटा घेतो. पाय ते वापस घेऊन जातेत.”

मी दुसरा मार्ग काढला. शहरातल्या एका दुकानातून नव्या पद्धतीचा चाकू आणून दिला, लाल प्लास्टिकच्या मुठीचा. त्यात कात्री, पेचकस, बाटलीचं झाकण उघडायचं, डबा फोडायचं, असं सगळं मिळून बारा वस्तू. मला तो फार आवडला होता. बारा कामं आणि प्रत्येकाला जागा. बाबांनी एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली. सगळी उघडल्यावर तो चाकू उलट्या पडलेल्या खेकड्यासारखा दिसू लागला.

“हे काय हाय?”

“दात कोरायची काडी.”

“दात कोराची हाय, अन् काटा काढाचं काईच नाही?” त्यांनी सगळं नीट मिटवून माझ्यापुढे ठेवलं. “शाळेत ठेव. साहेब आले का बाटली उघडाले होईल.”

त्याच वर्षी, म्हणजे चार वर्षांपूर्वी, बाबांचा उजवा हात हलू लागला होता. पेपर वाचताना मांडीवर ठेवलेला हात आपोआप थरथरायचा, बोटं जणू कापसातली सरकी चाचपत असावीत. आदिलाबादच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वय झालं म्हणाले. मी वहीत लिहिलं, ‘बाबांचा चाकू बंद करणे’. लिहिलं खरं, पण कसं बंद करायचं ते सुचलं नव्हतं. म्हणून निदान चाकू तरी चांगल्या स्थितीत असावा, असं ठरवलं. दसऱ्याच्या आधी शाळेच्या कामासाठी आदिलाबादला जायचं होतं. बाबा म्हणाले होते, थोरलं बोथट झालंय, मनगट दुखतं म्हणून दगडावर घासणं होत नाही. “द्या, मी धार लावून आणते.” त्यांनी चाकू जमिनीवर ठेवला, मी उचलला. चाकू हातातून हातात देत नाहीत आमच्याकडे, भांडण होतं म्हणतात.

बाजारात धारवाला सायकलवरच बसला होता, पायाने चाक फिरवत. ठिणग्या उडत होत्या, तापल्या लोखंडाचा वास येत होता. त्याने चाकू उघडून पाहिला. “मॅडम, येक कू लगाना के तीनों कू?”

“तीनों को,” मी म्हणाले. तीन पाती आहेत तर तीन. अर्धवट काम मला आवडत नाही.

घरी आल्यावर बाबांनी थोरलं उघडून सुतळीवर चालवलं. सुतळी नकळत दोन झाली. मधल्याने पेरूची फोड कापून मला दिली. खूश झाले. धाकटं त्यांनी उघडलं नाही, कारण कोणाच्या पायात काटा नव्हता. आणि धाकट्यालाही कोणी धार लावून आणेल, हे त्यांच्या मनातच येण्यासारखं नव्हतं.

वेचणी सुरू झाली. सकाळी धुकं, दुपारी नितळ ऊन, संध्याकाळी सगळ्या गावावर वाळल्या पऱ्हाटीचा, कपाशीच्या झाडांचा वास. पाचव्या-सहाव्या दिवशी आमच्या गल्लीतली वच्छला आली, पाठीला वेचणीचं फडकं तसंच बांधलेलं. वच्छला माझ्याच वयाची. आम्ही एकत्र शाळेत जायचो. तिची शाळा चौथीत सुटली. “जयभीम मामा,” म्हणत तिने पाय धुतला आणि ओट्यावर बसली. बाबांनी पाय चाचपला, टोक जाळावर धरलं आणि विचारलं, “सून कशी हाय व तुई?”

याहून लांब उत्तराचा प्रश्न गल्लीत दुसरा नव्हता. वच्छला सुरू झाली. सून उशिरा उठते इथपर्यंत आली आणि एकदम किंचाळली.

मी आतून धावत आले. ओट्यावर रक्त होतं, बाबांच्या धोतरावर होतं, वच्छलाच्या फडक्यातून सांडलेल्या कापसावर होतं. पांढऱ्या कापसात रक्त फार लवकर पसरतं. तळव्याला चांगला दोन बोटांचा चिरा पडला होता. मी पट्टी बांधली, ऑटो बोलावला, दवाखान्यात नेऊन इंजेक्शन देववलं, दोन टाके पडले. सगळं व्यवस्थित केलं. ऑटोत बसताना वच्छलाच बाबांना समजावत होती, “होते मामा असं. तुमी कायले जिवाला लावून घेता?”

परत आले तेव्हा बाबा तिथेच बसले होते. चाकू मिटून शेजारी ठेवलेला. उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि ते त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसं पाहत होते.

“हात गेला माया,” ते म्हणाले.

मी चाकू उचलून कपाटावर ठेवला. आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी वही काढून ती ओळ खोडली. वाईट वाटत होतं, पण काम झालं होतं.

त्यानंतर कोणी लंगडत आलं की बाबा आतूनच सांगत, “दवाखान्यात जा बाई, मले दिसत नाही आता.” हळूहळू लोक यायचे थांबले. ओटा मोकळा झाला. बाबा आत टीव्हीसमोर बसू लागले. तेलुगू बातम्या लागल्या असल्या तरी बदलत नसत. एके दिवशी पेरू माझ्यापुढे धरून म्हणाले, “चिरून दे.” दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या गुंड्या लावून मागितल्या. हात होते, पण त्यांनी ते वापरणंच सोडून दिलं होतं. मी पेरू चिरत होते, गुंड्या लावत होते, आणि मनात म्हणत होते, वय झालं.

मग एका दुपारी शाळेतल्या कागदांच्या गठ्ठ्याच्या पिना निघेनात म्हणून मी कपाटावरून तो चाकू काढला. धाकटं पातं बारीक, म्हणून ते उघडलं. पिनेखाली सरकवलं तर ते कागद चिरत थेट माझ्या अंगठ्याच्या नखात गेलं. मी नखाकडे बघत राहिले. दुखत होतं, पण आठवत होतं वेगळंच. मी पाच-सहा वर्षांची, बाबांच्या शेजारी बांधावर बसलेली, आणि ते मला खेळायला धाकटं पातं उघडून देताहेत. थोरलं नाही, मधलं नाही. मी त्याच्या कडेवरून अंगठा पुढेमागे फिरवते आहे, अगदी जोर लावून, आणि काही होत नाही. “याले धार नसते, नंदा,” बाबा सांगताहेत. “नुसतं टोक असते. धार कापते. आपल्याले कापाचं नाही, उचलाचं हाय.”

बाबांचा हात गेला नव्हता. नेहमीच्याच जोराने त्यांनी कातडी उचलायला पातं आत सरकवलं होतं, आणि पातं कापत गेलं होतं. धार मी लावून आणली होती.

हे कळल्यावर मी लगेच जाऊन सांगितलं, असं लिहायला मला आवडलं असतं. मी सांगितलं नाही. गप्प राहण्याची कारणं माझ्याकडे होती, आणि ती बरीच चांगली होती. हात हलतो हे तर खरंच होतं. आज ना उद्या झालंच असतं. लोकांनी दवाखान्यात जावं हेच योग्य. सहा दिवस मी ही कारणं मनात मांडत राहिले, आणि सहा दिवस बाबा टीव्हीसमोर हात मांडीत घेऊन बसून राहिले. सहाव्या दिवशी रविवार होता. मी त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावत होते. शेवटच्या गुंडीशी त्यांनी मान वर केली, लहान मूल करतं तशी, मला सोपं जावं म्हणून.

“बाबा,” मी म्हणाले, “हात नाही गेला तुमचा. धाकट्याला मी धार लावून आणली होती.”

त्यांनी वर केलेली मान खाली आणली. “धाकट्याले?”

“तिन्हींना.”

“धाकट्याले काऊन?”

“तिन्ही होती म्हणून.”

बाहेरून ट्रॅक्टर गेला. बाबांनी चाकू मागितला. मी कपाटावरून काढून जमिनीवर ठेवला. त्यांनी धाकटं उघडलं, कडेवर अंगठा टेकवला आणि लगेच उचलला. मला वाटलं, आता सुटल्यासारखे हसतील. त्यांनी विचारलं, “तुले कवा समजलं हे?”

“सोमवारी.”

“म्हंजे सहा दिवस,” बाबा म्हणाले, “मी तुया हातानं चिरेल पेरू खाऊन राह्यलो.”

आयुष्यात त्यांनी मला कधी मारलं नाही. त्या वाक्यापेक्षा मारलेलं बरं झालं असतं. ते पुढे एवढंच म्हणाले, “मले काय सांगतं? वच्छीले सांग. पाय तिचा कापला. तिले वाटत असंल म्हातारा आंधळा झाला.”

मी तशीच निघाले. वच्छला दोनच दिवसांपूर्वी वेचणीवर परतली होती, गावापासून किलोमीटरभरावर. पायाला पट्टी आणि पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधून दोन्ही हातांनी वेचत होती. मला पाहून कपाशीच्या ओळीतूनच ओरडली, “बाप्पा! मॅडम वावरात! जनगणना सुरू झाली का काय?”

बाया हसल्या. मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बाजूला बोलावलं असतं तर माझं धैर्य गेलं असतं. वच्छला ऐकत होती आणि बोंडातून कापूस काढत होती, हात थांबले नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणाली, “म्हंजी मामाचा हात चांगलाच हाय?”

“हो.”

“अन् मी पुऱ्या गावाले सांगून आली, मामाचा हात गेला म्हनून! आता पुऱ्या गावाले वापस सांगा लागते.” मग माझ्याकडे बघून, “तुमी लहानपनीबी अशाच होत्या. एक अक्षर चुकलं तर पुरी पाटी पुसत होत्या.”

“तुझा पाय...”

“पाय भरून येते व. मानूस घरात बसला का नाही भरून येत.”

ती एवढंच बोलली आणि पुढच्या झाडाला लागली. मी परत फिरले. धुऱ्यावरचं कुंपण ओलांडताना चपलेच्या तळातून काहीतरी थेट टाचेत घुसलं. मी खालीच बसले. चप्पल सोडवली, बाभळीचा काटा आत मोडला होता. वच्छला लंगडत आली आणि बांगडीतली पिन काढू लागली. “दाखवा, काढतो मी.”

“नको.”

“काऊन? घान नाही पिन.”

“घरी काढते.”

“घरी कोन...” ती म्हणाली, आणि थांबली. पिन परत बांगडीत अडकवली. “मंग टाच नका टेकवू. चवड्यावर चाला.”

किलोमीटरभर मी चवड्यावर चालले. वेचणीच्या रस्त्यावर असं चालणाऱ्या बाया मी जन्मभर पाहत आले होते, आणि त्यांना दवाखान्यात जायला सांगत आले होते. दर पावलाला कळत होतं की त्या आधी आमच्या ओट्याशी का थांबायच्या. दवाखाना पुढे, फाट्यावर आहे. ओटा वाटेवर होता.

लांबूनच आवाज आला. धार लावतानाचा आवाज पुढेमागे लांबत जाणारा असतो; हा आखूड होता, खरखरीत. बाबा ओट्यावर बसून धाकट्याची कड दगडावर उभी धरून घासत होते, धार मोडत होते. किती दिवसांनी ते ओट्यावर बसले होते. मी पायरीशी थांबले. त्यांनी माझ्या उचललेल्या टाचेकडे पाहिलं. कड अंगठ्यावरून फिरवली, पुन्हा फिरवली, टोक काडीच्या जाळावर धरलं. मी पाय धुतला. पेटीतलं स्पिरिट आणायला आत जावं असं मनात आलं. गेले नाही. बसले आणि पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. पन्नाशीची बाई, बापाच्या मांडीवर पाय. लाजही वाटत होती.

अंगठ्याने त्यांनी जागा शोधली. मग पातं जवळ आलं. टोक हवेत हलत होतं, मला ते दिसत होतं, आणि मी ओट्याची कड घट्ट धरली होती. ते कातडीला टेकलं. दुखलं. पुन्हा दुखलं. मग काहीतरी लांब, जुनं, आतून निघून गेल्यासारखं झालं आणि टाच एकदम हलकी झाली.

बाबांनी काटा तळहातावर घेतला, पण पाहिला नाही. माझ्याकडे पाहत होते.

“खरं सांग. हात हालला का माया?”

“टेकवेपर्यंत हलत होता,” मी म्हणाले. “टेकवल्यावर नाही हलला.”

माझं उत्तर त्यांनी आतल्या आत उलटसुलट करून पाहिलं असावं, पेरू घेताना बघत तसं.

“मंग चालते,” बाबा म्हणाले. माझा पाय खाली ठेवला, पण चाकू मिटला नाही. “तो दुसराबी दाखव. वावरातून आली तू, एकच काटा कसा असंल?”